घरासाठी संगणक : स्पर्धा त्यांची, निवड आपली

(नागपूर येथे शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरी संगणक घ्यावयाचा आहे, तर कोणता घ्यावा, हा प्रश्न गेली कित्येक वर्षे मला विचारला जात आहे. विचारणारे बहुधा शिक्षक किंवा ग्रामीण भागातील कर्मचारी असतात. मुलगी दहावीत गेलेली असते किंवा मुलाला अभियांत्रिकीस प्रवेश मिळालेला असतो, आणि प्रश्न माझ्यापर्यंत येण्यापूर्वी सीताबर्डीवरील दोन-तीन दुकाने पालथी घालून झालेली असतात. एका दुकानदाराने विंडोजवाचून गत्यंतर नाही असे सांगितलेले असते. दुसऱ्याने स्वस्त म्हणून क्रोमबुक पुढे केलेले असते. महाविद्यालयात शिकणारा भाचा लिनक्सचा कैवारी असतो आणि पुण्यास नोकरी करणारे मेहुणे ॲपलखेरीज दुसरे नाव घेत नाहीत. प्रत्येकाचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकले तर पटते. सर्वांचे एकत्र ऐकले म्हणजे काहीच कळेनासे होते.

मध्यम प्राप्तीच्या कुटुंबात अशी खरेदी पाच-सात वर्षांतून एकदा होते. ती चुकली, तर दुसरे यंत्र आणण्याइतके पैसे पुन्हा लवकर उभे राहत नाहीत, आणि तोवर मुलाची शिकण्याची उमेदीची वर्षे निघून गेलेली असतात. म्हणून या विषयाकडे हौसेचा म्हणून न पाहता गृहव्यवस्थेचा म्हणून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

जुनी भांडणे

संगणकाच्या पंथोपपंथांची भांडणे आजची नव्हेत. घरात ठेवता येईल असा स्वस्त संगणक सर्वसामान्यांच्या आवाक्यात प्रथम आला तो १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. त्याची किंमत १२५ पौंडांपासून सुरू होत असे. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. तो घरातील दूरदर्शन संचास जोडावा लागे आणि कार्यक्रम साठविण्यासाठी साधा टेपरेकॉर्डर व कॅसेट वापरावी लागे. त्याच्या मोठ्या नमुन्याची स्मृती ४८ किलोबाइट होती. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र त्याच्या पन्नासपट जागा सहज व्यापते. त्याचा प्रतिस्पर्धी होता एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो. तो अधिक भक्कम, अधिक महाग आणि शाळांचा आवडता. अमेरिकेतून आलेला कमोडोर ६४ हा तिसरा. सिंक्लेअर आणि एकॉर्न या दोन्ही कंपन्या केंब्रिज या एकाच गावच्या. त्यांची चुरस इतकी विकोपास गेली, की १९८४ च्या नाताळात त्यांचे प्रमुख एका मद्यालयात हातघाईवर आले.

या यंत्रांची मोठी उणीव अशी की, एकावर लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्यावर चालत नसे. सर्वांची भाषा ‘बेसिक’च, परंतु प्रत्येकाची बोली वेगळी. शेजाऱ्याने स्पेक्ट्रम घेतला आणि आपण बीबीसी मायक्रो घेतला, तर एकमेकांच्या कॅसेटी निरुपयोगी ठरत.

हे लोण आपल्याकडेही आले. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र शासनाने नवे संगणक धोरण जाहीर केले. त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, शालेय विद्यार्थ्यांना संगणकाचा परिचय व्हावा म्हणून ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. आरंभी सुमारे २५० शाळा निवडण्यात आल्या आणि त्यांच्यासाठी बीबीसी मायक्रो पसंत करण्यात आला. घरगुती ग्राहकांसाठी मात्र स्पेक्ट्रमचा मार्ग खुला झाला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने त्या दशकाच्या उत्तरार्धात परवान्याखाली ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हे यंत्र आपल्या देशात विकले. म्हणजे मुलगा शाळेत एका यंत्रावर शिकणार आणि घरी हौसेने घेतलेले यंत्र दुसऱ्या जातीचे, अशी स्थिती. त्या काळी ज्या पालकांनी काटकसर करून असे यंत्र घेतले, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. परंतु निवड करताना त्यांना विचारण्यास कोणी नव्हते, हेही खरे.

या झुंजीत जिंकले कोण? तिघांपैकी कोणीच नाही. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडला विकला गेला. कमोडोर कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. बीबीसी मायक्रोही कालबाह्य झाला आणि आपल्या ‘क्लास’ प्रकल्पातही १९९३ नंतर ‘पीसी’ आले. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणलेला हा पीसी गुणांत श्रेष्ठ होता असे नव्हे. रंग आणि आवाज यांत तो कमोडोरच्या मागेच होता. तथापि तो बाजारात सुटे मिळणाऱ्या भागांचा बनलेला होता. त्याची कार्यप्रणाली पुरविणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी ती इतरांनाही विकण्यास मोकळी होती. १९८३ मध्ये कॉम्पॅकने त्याच्याशी मिळतेजुळते यंत्र विक्रीस आणले, आणि पुढे एचसीएल, विप्रो, झेनिथ अशा भारतीय कंपन्यांनीही तेच केले. १९९० नंतरच्या दशकात तर आपल्या शहरांतील लहान दुकानदार सुटे भाग जोडून ‘असेम्बल्ड’ संगणक तयार करू लागले. बिघडलेला भाग गावातच बदलून मिळू लागला आणि एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडू लागली. ग्राहकाच्या दृष्टीने या दोन गोष्टींनी निकाल लावला.

जाता जाता एक गंमत सांगतो. हरलेल्या एकॉर्न कंपनीच्या अभियंत्यांनी १९८५ मध्ये घडविलेली ‘एआरएम’ ही प्रोसेसरची रचना आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील भ्रमणध्वनीत आहे.

स्वस्ताईचे प्रयोग

स्वस्त संगणक सर्वांपर्यंत पोहोचावा म्हणून पुढेही बरेच प्रयत्न झाले. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी कल्पिलेला ‘सिम्प्युटर’ २००४ मध्ये विक्रीस आला, पण फारसा खपला नाही. २००५ मध्ये एचसीएलने दहा हजार रुपयांच्या आतील संगणक आणला. त्यावर लिनक्स होते. पुष्कळ घरांत ते काढून विनापरवाना विंडोज बसविले गेले आणि विषाणूंचा उपद्रव मागोमाग आला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र शासनाने ‘आकाश’ टॅब्लेटचे उद्घाटन केले. शासनास तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांस पडला. परंतु त्याची गती मंद होती, पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे आणि बॅटरी अल्पावधीत संपे.

या सर्वांत मला महत्त्वाचा वाटतो तो ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ हा प्रयोग, कारण त्याचा भारतातील आरंभ आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यात धनगरवाड्यावरील एका छोट्या शाळेत २००७ मध्ये झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते यंत्र मुलांसाठीच घडविलेले होते. त्याचा पडदा उन्हात वाचता येई, वीज फार कमी लागे. किंमत शंभर डॉलर ठेवण्याचे घोषित झाले होते. प्रत्यक्षात ती दोनशेच्या जवळ गेली. मग कंपन्यांची चढाओढ आडवी आली. इंटेल ही कंपनी जुलै २००७ मध्ये या संस्थेच्या मंडळात सहभागी झाली आणि स्वतःचे स्पर्धक यंत्र विकत असल्यावरून वाद होऊन जानेवारी २००८ मध्ये बाहेर पडली. त्यानंतर यंत्रावर लिनक्स असावे की विंडोज, यावर खुद्द संस्थेतच मतभेद झाले. धनगरवाड्यावरील मुलांना त्या यंत्राचा आनंद झाला यात शंका नाही. परंतु अशा यंत्राचा एखादा भाग निकामी झाला तर तो तालुक्याच्या गावी मिळत नाही. आणि जे यंत्र इतर कोणाकडेच नाही त्याच्याविषयी शेजारी विचारताही येत नाही. घरासाठी यंत्र घेताना, अद्भुत पण एकटे पडलेले यंत्र टाळावे, ते एवढ्याचसाठी.

अक्षरांची फाटाफूट

यंत्रांच्या भांडणात आपले जेवढे नुकसान झाले, त्याहून अधिक नुकसान मराठी अक्षरांच्या भांडणात झाले आहे. त्याची दखल मात्र फारशी घेतली जात नाही.

संगणकाला अक्षर म्हणजे एक क्रमांक. कोणत्या अक्षरास कोणता क्रमांक, हे सर्वांनी एकमताने ठरविले तरच एकाचे लेखन दुसऱ्यास वाचता येते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. जगातील लिप्यांना सामावून घेणारी ‘युनिकोड’ ही व्यवस्थाही त्याच वर्षी आली आणि तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळाले. परंतु साध्या संगणकांवर देवनागरी युनिकोड वापरता येईपर्यंत २००० साल उजाडले. मधल्या काळात कामे तर थांबणार नव्हती. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळे अक्षरसंच, म्हणजे फॉन्ट, तयार केले. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, शिवाजी ही नावे आपणांस परिचित आहेत. त्यांनी त्या काळी मराठीची मोठी सेवा केली, हे मान्य केलेच पाहिजे. या फॉन्टमध्ये युक्ती अशी असे की, संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच राही. केवळ पडद्यावर त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या दिसत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी समोर येई. एका फॉन्टमधील मजकुरास दुसरा फॉन्ट लावला तरी अर्थबोध होत नसे.

काही वर्षांपूर्वी एका ग्रामपंचायतीत मला जुन्या सभांची इतिवृत्ते दाखविण्यात आली. टंकलेखक निवृत्त झालेले, संगणक भंगारात गेलेला, फाइली मात्र कोणीतरी जपून पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवलेल्या. सचिवांनी त्या उघडल्या तर एक शब्द वाचता येईना. एका जागेच्या हद्दीविषयीचा ठराव त्यात होता आणि त्याचीच तातडीने गरज होती. शेवटी ठराव सापडला तो कपाटातील हस्तलिखित नोंदवहीत. शिक्षकांच्या घरीही हीच कथा आहे. दहा-पंधरा वर्षांत तयार केलेल्या प्रश्नपत्रिका, टाचणे, कविता जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडलेल्या आहेत.

म्हणून माझे मत असे आहे की, यंत्र कोणतेही घ्या, लेखन युनिकोडमध्येच करा. आज विंडोज, लिनक्स, क्रोमबुक, ॲपल आणि अँड्रॉइड या सर्वांवर मराठी युनिकोड विनामूल्य उपलब्ध आहे. त्यामुळे मराठीसाठी अमुकच यंत्र घ्यावे लागते, हे विक्रेत्याचे म्हणणे आता ग्राह्य धरू नये. टंकलेखन यंत्राच्या धाटणीचा कळफलक ज्यांच्या बोटांत बसला आहे त्यांना प्रथम अडखळल्यासारखे होईल. परंतु त्याच धाटणीचे युनिकोड कळफलकही मिळतात, आणि मुलांना मात्र आरंभापासून इन्स्क्रिप्टच शिकवावा. ज्यांची जुनी कागदपत्रे जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांनी जुना संगणक चालू आहे तोवर ती रूपांतरित करून घ्यावीत. रूपांतर केल्यावर रफार, जोडाक्षरे आणि आकडे स्वतःच्या डोळ्यांनी तपासावेत. सातबाराच्या गट क्रमांकात एक आकडा फिरला तर त्याचे परिणाम काय होतात, हे आपणांस मी सांगावयास नको.

आज काय घ्यावे

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शालार्थ, यू-डायस, ई-ग्रामस्वराज यांसारखी बहुतेक शासकीय कामे आज ब्राउझरमधून होतात. त्यामुळे कार्यप्रणालीच्या भांडणाची धार पूर्वीपेक्षा पुष्कळ बोथट झाली आहे. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ज्या अधिकाऱ्यांना किंवा सरपंचांना अंकीय स्वाक्षरीचे टोकन घरून वापरावे लागते, त्यांनी कार्यालयात ते ज्या प्रणालीवर चालते तीच घरी घ्यावी. क्रोमबुकवर ते चालेलच असे गृहीत धरू नये.

नवे यंत्र घेण्याची ऐपत नसेल तर वापरलेले घेण्यात कमीपणा नाही. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेले लॅपटॉप बाजारात येतात आणि त्यांतील काही उत्तम असतात. मात्र येथे सावध राहावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. परिणामी अशा जुन्या यंत्रांचा पुरवठा वाढणे साहजिक आहे आणि ती स्वस्त दिसली तर नवल नाही. ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. कितव्या पिढीचा, हे विचारावे आणि पडद्यावर पाहून खात्री करावी. आठ जीबी स्मृती आणि एसएसडी असलेले साधे यंत्र, चार जीबी स्मृती आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेल्या दिखाऊ यंत्रापेक्षा केव्हाही सरस ठरते.

घरी आधीच असलेला जुना संगणक टाकून देण्याचीही घाई करू नये. त्यात एसएसडी बसवून लिनक्स घातल्यास लेखन, वाचन आणि ब्राउझरची कामे तो आणखी काही वर्षे करू शकतो. केरळने आपल्या शाळांतून लिनक्स रुजवून ते अवघड नसल्याचे दाखविले आहे. माझी अट एकच : अडचण आल्यास विचारता येईल असा एक तरी लिनक्स जाणणारा मनुष्य आपल्या गावात किंवा शाळेत असावा. तो भाचा असेल आणि शिक्षणासाठी परगावी जाणार असेल, तर त्याने जाण्यापूर्वी दुसऱ्या कोणास तरी तयार करावे.

क्रोमबुक शाळकरी मुलांसाठी वाईट नाही. २०२१ पासून आलेल्या नमुन्यांना दहा वर्षे अद्यतने मिळतील, असे गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. ही दहा वर्षे तो नमुना बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. सवलतीत मिळणारा जुना नमुना घेताना ही तारीख अवश्य पाहावी. आणि घरी इंटरनेटची जोडणी भरवशाची नसेल, तर या यंत्राचा निम्मा उपयोग गेलाच. ॲपलविषयी मी फार बोलत नाही. यंत्र उत्तम, किंमत भारी, आणि दुरुस्तीचा खर्च त्याहून जिव्हारी लागणारा.

‘मोबाइल आहेच, मग संगणक कशास?’ असे काही पालक विचारतात. पाहण्यासाठी आणि ऐकण्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. परंतु चार पानी निबंध लिहिणे, तक्ता मांडणे, कार्यक्रम लिहून तो चुकल्यावर दुरुस्त करणे, या गोष्टी कळफलकावाचून होत नाहीत. घरात मुले दोन आणि यंत्र एक असेल, तर ते यंत्र कळफलकाचे असावे. त्यावर मुलाइतकाच वेळ मुलीलाही मिळतो की नाही, याकडे आईवडिलांनी लक्ष ठेवावे.

आणखी एक गोष्ट खास आपल्या नागपूरकरांसाठी. बहुतेक उत्पादक आपल्या पुस्तिकेत खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून आपण कूलर लावतो, आणि नेमके त्याच्या झोतासमोर टेबल मांडतो. कूलरचा दमट वारा आणि वैशाखातील धूळ मिळून पंख्याच्या जाळीत जो लेप बसतो, तो मी अनेक यंत्रांतून खरवडून काढला आहे. यंत्र झोताच्या बाजूस ठेवावे, समोर नव्हे. आणि कूलरचा पंप ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डावर संगणक जोडू नये. ग्रामीण भागात, जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही तेथे, लॅपटॉपच घ्यावा. त्याची बॅटरी हीच त्याची यूपीएस. टेबलावरचा संगणक घ्यावयाचा तर यूपीएसची किंमत अंदाजपत्रकात आधीच धरावी. ती मागाहून आठवते आणि मग घेतली जात नाही.

दुकानात पैसे मोजण्यापूर्वी चार्जर आणि बॅटरी बिघडल्यास ती कोठे मिळेल, हे विचारावे. नरखेड किंवा भिवापूरहून नागपूरला येण्यात एक दिवस आणि एक रजा जाते. उत्तर ‘मुंबईस पाठवावे लागेल’ असे आले, तर दोन हजार रुपये अधिक देऊन दुसरे यंत्र घेतलेले बरे.

व्याख्यान येथे थांबवितो. आपल्यापैकी काहींनी जुन्या फॉन्टमधील फाइली बरोबर आणल्या आहेत, असे मला मघाशी सांगण्यात आले. शक्य असल्यास त्याच मजकुराचे जुने छापील पानही काढून ठेवा. मूळ पान समोर असले की रूपांतरातील चुका लवकर सापडतात. चहा होईपर्यंत मी या टेबलापाशीच बसणार आहे.